एका शेंगेतल्या लक्षवाती

लाख म्हणजे किती, हे मला आत्यामुळे कळलं. रायगड जिल्ह्यातल्या पालीच्या घरी तिने एका आषाढी एकादशीला लक्षवातींचा वसा घेतला. दुपारची भांडी आवरली की ती ओटीवर बसायची, पदर सारखा करायची आणि कापूस ओढून ओढून वाती वळायची. शंभर झाल्या की दोऱ्याने जुडी बांधायची. जुड्या मोजून डब्यात ठेवायचं काम माझ्याकडे होतं. रोज ३०० वाती, म्हणजे तीन जुड्या. एकही दिवस न चुकता वळल्या तरी लाख भरायला ३३४ दिवस लागतात. मधे पाहुणे आले, लावणी आली, एकदा ताप आला, आणि वसा पुरा व्हायला पुढच्या वर्षीचा श्रावण उजाडला. उद्यापनाच्या दिवशी ते भरलेले डबे बघून मी गप्प झालो होतो. तोवर लाख हा माझ्यासाठी नुसता शब्द होता.

त्याच घराच्या परसात एक जुना रायवळ आंबा होता. त्याच्या आडव्या फांदीवर जाडजूड, पन्हळीसारख्या पानांचं एक झाड लोंबायचं. वर्षभर त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. आंबे उतरवून झाले आणि पावसाची चाहूल लागली की त्यातून हातभर लांबीचा फुलोरा खाली सुटायचा. पांढऱ्या फुलांवर गुलाबी-जांभळे ठिपके, एकाला एक चिकटून, वेणीत गुंफल्यासारखी फुलं. आत्या तिला सीतेची वेणी म्हणायची. पुस्तकातलं नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. एका फुलोऱ्यातली फुलं मोजायला मी कितीदा तरी बसलो आहे. शंभराच्या आसपास पोचलं की नजर चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एवढ्या फुलांतून शेंगा धरतात त्या दोन-तीन. पुष्कळदा एकही नाही.

अशी एक वाळून तडकलेली शेंग एका वर्षी माझ्या हाती आली. बोटाच्या दोन पेरांएवढी असेल. मी ती दगडी पाटीवर टपटपवली. पिवळसर पिठी पडली, तांदळाच्या पिठीहूनही बारीक. जवळून बघायला वाकलो तर माझ्याच श्वासाने निम्मी उडाली. त्या पिठीचा एकेक कण म्हणजे एकेक बी होती.

ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या कुळातल्या शेंगेत किती बिया असतात? जातीजातीत फरक आहे. कुठे हजार-दीड हजार, कुठे काही लाख आणि काही जातींत ४० लाखांपर्यंत. एका शेंगेत. आत्याच्या गतीने ४० लाख वाती वळायच्या तर रोज न चुकता बसून साडेछत्तीस वर्षं लागतील.

वजनाचा हिशोब आणखी चक्रावणारा आहे. या बियांचं वजन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. जातीप्रमाणे ते कमीजास्त भरतं, पण सोयीसाठी एका बीचं वजन एक मायक्रोग्रॅम धरू. मग दहा लाख बिया मिळून एक ग्रॅम होतो. तांदळाच्या एका दाण्याच्या वजनात वीस हजार बिया बसतात. बल्लाळेश्वराला वाहायला आणलेला नारळ सोलायच्या आधी, असोला, दीड किलोचा असेल, तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात दीडशे कोटी बिया टाकाव्या लागतील. भारतातल्या प्रत्येक माणसाला एकेक बी वाटली तरी थोड्या उरतील.

नारळाचंच उदाहरण पुढे नेतो, कारण कोकणातल्या माणसाला बी म्हटलं की नारळ लगेच डोळ्यांपुढे येतो. नारळाची माडाने किती काळजी घेतलेली असते! आत खोबरं, पाणी, वर करवंटी, त्यावर सोडणाचं आवरण. रोप जमिनीत मूळ धरेपर्यंत महिनोन्‌महिने या शिदोरीवर जगतं. आमरीच्या बीजवळ शिदोरी नाही. भिंगाखाली ती जाळीदार पिशवीसारखी दिसते. पिशवीत मधोमध एक ठिपका, तो शंभरेक पेशींचा गर्भ, आणि बाकी जवळजवळ सगळी हवा. म्हणून ती उडते, तरंगते, वाऱ्यावर कुठल्या कुठे जाते. १८८३ मध्ये क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि उरलेलं बेट राखेखाली गेलं. जावा आणि सुमात्राचे किनारे तिथून चाळीसेक किलोमीटरवर. पंधरा वर्षांच्या आत त्या बेटावर आमरीची झाडं उगवलेली आढळली. मधला समुद्र त्या बियांनी हवेतून ओलांडला होता.

पण पोचणं निराळं आणि रुजणं निराळं. उपाशीपोटी पोचलेल्या बीला खायला घालणारं कुणीतरी तिथे हवं. ते कोण, याचा उलगडा १८९९ मध्ये नोएल बर्नार या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने केला. सालीतल्या किंवा मातीतल्या विशिष्ट बुरशीचा तंतू बीमध्ये शिरतो आणि गर्भ त्या तंतूकडून अन्न घेऊन वाढू लागतो. बुरशी भेटली नाही तर बी तशीच वाळून जाते. आधी मोहरीहून लहान हिरवा गोळा, मग त्याला एक पान, मग एक मूळ, आणि फूल येईपर्यंत कित्येक वर्षं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसनने दाखवलं की बाटलीत साखर आणि क्षार घातलेल्या खळीवर या बिया बुरशीवाचूनही रुजतात. आज लग्नाच्या मांडवात जांभळ्या आमरीचे गुच्छ खुशाल दिसतात त्यामागे ही बाटली आहे. परसातल्या झाडावर बाटली नाही. तिथे अजूनही बुरशी भेटेल तीच खरी.

चार्ल्स डार्विन हा आकडे घेऊन बसणारा माणूस होता. आमरीवरच्या त्याच्या १८६२ च्या पुस्तकात हा हिशोब आहे. इंग्लंडातल्या एका साध्या, जमिनीवर वाढणाऱ्या आमरीच्या शेंगेतल्या बिया त्याने अंदाजल्या : ६,२००. झाडाला शेंगा ३०. म्हणजे एका झाडाच्या बिया सुमारे १,८६,०००. काही बिया पोचट निघतील म्हणून त्याने बारा हजार वजा केल्या. उरलेली सगळी रोपं जगली आणि प्रत्येकाला सहा इंच चौरस जागा दिली, तर एका झाडाची लेकरं एक एकर भरून टाकतील. नातवंडांना सातशे चौरस किलोमीटर लागतील. आपल्या मापाने सांगायचं तर बृहन्मुंबई पुरणार नाही. आणि पणतवंडं? पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन, ५० भागांतले ४७ भाग, एकसारख्या हिरव्या गालिचाने झाकून जाईल. चौथ्या पिढीत पृथ्वी संपते, आणि हा हिशोब सहा हजार बियांच्या शेंगेचा आहे. लाखांच्या शेंगेचा नाही.

पृथ्वी झाकली गेलेली नाही, हे तर दिसतंच आहे. मग उलटा हिशोब मांडून पाहू. समजा आमच्या आंब्यावरच्या वेणीला दरवर्षी दोन शेंगा धरतात, शेंगेत लाख लाख बिया आहेत आणि झाड दहा वर्षं फुलतं. जन्मभरात २० लाख बिया झाल्या. रानातल्या झाडांची संख्या वाढत नसेल आणि घटतही नसेल, तर या २० लाखांतून एकच झाड मोठं होऊन आईची जागा घेतं. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती. अलिबाग, पेण, पनवेल, महाड, रोहे आणि आमचं सुधागड, सगळ्या तालुक्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश माणसांतून एक माणूस निवडावा, तशी ती एक बी. तेव्हापासून कुठल्याही फांदीवरची साधी आमरी दिसली तरी मी थांबतो. माझ्यापुढे वीस लाखांतली एक उभी आहे, हे मला माहीत असतं.

आणि नेमकी तीच बांडगूळ म्हणून खरवडली जाते. हे मला फार लागतं. कोयता घेऊन आंबा साफ करणाऱ्या माणसाचा हेतू चांगला असतो. बांडगूळ आंब्याचा शत्रू आहेच. ते फांदीत घुसतं, तिच्यातलं पाणी ओढतं, आणि जिथे घुसतं तिथे फांदीला गाठ येते. आमरी फांदीत शिरतच नाही. तिची मुळं सालीवर नुसती टेकून, चिकटून असतात. बरीचशी तर हवेतच लोंबतात. ती आंब्याकडून बसायला जागा घेते, बाकी काही नाही. पाणी पावसाचं आणि दवाचं, खत सालीच्या भेगांत साठलेल्या काडीकचऱ्याचं. ओळखायची खूण सोपी आहे. उन्हाळ्यात मूळ बघावं, चांदीसारखं पांढरं दिसतं. पहिली सर आली की बघता बघता हिरवं होतं. मुळाभोवती स्पंजासारखं कोरडं आवरण असतं, ते पाणी पितं आणि आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. मृगाची पहिली सर पडत असताना मी छत्री घेऊन आंब्याखाली उभा राहून हे पाहिलं आहे. आजही पहिल्या सरीला मी घरात थांबत नाही.

लाखो बिया एका शेंगेत भरायच्या म्हणजे लाखो परागकण एकाच वेळी त्या फुलावर पोचायला हवेत. जास्वंदीसारखं फूल पराग मोकळा ठेवतं; थोडा मधमाशीच्या अंगाला, थोडा वाया. आमरीला ते परवडत नाही. ती आपला सगळा पराग बांधून त्याचे गोळे करते. गवताची काडी वेणीच्या फुलात हळूच घालून काढली तर टोकाला दोन पिवळे गोळे चिकटून येतात, मोहरीहून लहान, बारीक देठावर, देठाच्या बुडाशी डिंकासारखी टिकली. कीटकाच्या अंगावर ही टिकली बसली की आख्खं गाठोडं त्याच्याबरोबर जातं. एका फुलाचा सगळा डाव एका कीटकावर. तो कीटक पुढे त्याच जातीच्या दुसऱ्या फुलावर गेला पाहिजे, भलत्याच फुलावर नाही. म्हणून प्रत्येक जातीने आपापला कीटक गाठायची निराळी तजवीज केली आहे. आमरीच्या फुलांचे इतके चित्रविचित्र आकार आणि इतक्या जाती, याचं एक मोठं कारण मला इथे दिसतं.

पावसाळ्यात सड्यांवर फुलणारी हबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा घ्या. पांढऱ्याशुभ्र फुलाच्या मागे चार-पाच इंच लांबीची नळी लोंबते आणि मध असतो तिच्या तळाशी. तेवढी लांब सोंड असलेल्या पतंगाशिवाय तो कुणाच्या हाती लागणार? पश्चिम घाटातली कोटोनिया पेडंक्युलॅरिस तर फुलाची पाकळीच मधमाशीच्या रूपाची करते. जगातल्या सुमारे एक तृतीयांश आमरी कीटकाला मध देतच नाहीत. रंग, वास, आकार यांवर त्याला बोलावून घेतात. म्हणजे नऊ हजारांच्या वर जाती.

नऊ हजार हा एक तृतीयांश. पूर्ण आकडा २८ हजारांच्या आसपास आहे. जगातल्या पक्ष्यांच्या जाती सुमारे ११ हजार, सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजार. उंदरापासून देवमाशापर्यंत आणि चिमणीपासून शहामृगापर्यंत सगळे एका रांगेत उभे केले, तरी आमरीच्या रांगेपेक्षा ती दहा हजारांनी आखूड पडते. फुलं येणाऱ्या दर बारा-तेरा वनस्पतींमागे एक आमरी आहे. धोक्यात येऊ शकणाऱ्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नजर ठेवणारा साइटीस नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. वाघ, हत्ती, कासवं, पोपट, सगळे त्याच्या यादीत आहेत, आणि तरीही यादीतल्या एकूण जातींत सत्तर टक्क्यांहून अधिक आमरी आहेत.

रोज एक नवी जात पाहायची ठरवली तर २८ हजार पाहायला ७६ वर्षं आणि आठ महिने लागतील. पाळण्यात असल्यापासून सुरुवात केली तरी सहस्रचंद्रदर्शनाच्या जवळ जाऊन पोचू. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०१९ मध्ये देशातल्या आमरींचा सचित्र ग्रंथ काढला. त्यात १,२५६ जाती आहेत. रोज एक म्हटलं तर तीन वर्षं पाच महिने. त्यातल्या ७५७ झाडांवर वाढणाऱ्या, ४४७ जमिनीतल्या. ४३ जातींना तर हिरवं पानच नाही. त्या जन्मभर बुरशीच्याच जिवावर राहतात आणि फुलण्यापुरत्या जमिनीबाहेर येतात. ३८८ जाती भारताबाहेर कुठेही सापडत नाहीत, आणि त्यांतल्या १२८ पश्चिम घाटात आहेत. महाराष्ट्रात शंभराच्या वर. हा आकडा मला विशेष आवडतो. आषाढी ते कार्तिकी रोज एक नवी आमरी, आणि आपला महाराष्ट्र एका चातुर्मासात होतो.

अर्थात त्या सगळ्या चातुर्मासात फुलत नाहीत. डेंड्रोबियम बार्बाट्युलम पानं गळून गेल्यावर, भर उन्हाळ्याच्या तोंडाशी, नागड्या काड्यांवर पांढरा गुच्छ धरते. तिच्या उलट नर्व्हिलिया. पाऊस सुरू होताच जमिनीतून तिचा नुसता फुलाचा दांडा येतो, चार दिवसांत फूल आटोपतं, आणि मग एकच पान वर येतं, घडीचं, हृदयाच्या आकाराचं. फूल आणि पान एकमेकांना भेटत नाहीत. ते पान पावसाळाभर अन्न करून जमिनीतल्या कंदात साठवतं आणि दिवाळीच्या सुमारास नाहीसं होतं. उरलेले महिने पायाखाली ती आहे, हे चालणाऱ्याला कळतही नाही.

ही मोजदाद कोणी केली? डच अधिकारी व्हान ऱ्हीड याचा ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याला वनस्पती सांगणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोचीनला राहणारे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं नागरी लिपीतलं निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे. बाराव्या खंडाच्या सुरुवातीला जी आमरी चितारली आहे ती आमच्या आंब्यावरचीच. साठ वर्षांनी, १७५३ मध्ये, लिनीयसने तिला शास्त्रीय नाव दिलं ते त्या चित्राच्या आधारे. आपल्याकडे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव या स्पॅनिश जेझुइट प्राध्यापकाने पायी हिंडून खंडाळ्याच्या वनस्पती नोंदल्या. त्यांचा ग्रंथ १९५३ चा. पुढे कपाडिया या सहलेखकांबरोबर त्यांनी मुंबई इलाख्यातल्या आमरींवर स्वतंत्र पुस्तक केलं, १९६६ मध्ये. खंडाळा पालीपासून सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर. सुधागडावरून पूर्वेला जी घाटाची भिंत दिसते, तिच्याच माथ्यावर.

पालीत मान वर केली की सरसगड दिसतो. कातळात खोदलेल्या त्याच्या उंच पायऱ्या चढताना पोटऱ्या भरून येतात, आणि वाटतं की या दगडाहून जुनं इथे काय असणार? हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. २००७ मध्ये एका अभ्यासात मधमाशीच्या पाठीवर चिकटलेलं आमरीच्या परागाचं गाठोडं समोर आलं. माशी आणि गाठोडं, दोन्ही राळेच्या खड्यात दीड-दोन कोटी वर्षं अडकून राहिलेली. त्यावरून संशोधकांनी मागे हिशोब केला, तेव्हा साऱ्या आमरींचा मूळ पूर्वज ७ कोटी ६० लाख ते ८ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा निघाला. नंतरचे काही अंदाज त्याहून मागे जातात. दख्खनचा लाव्हा वाहू लागला तेव्हा हे घराणं पृथ्वीवर कुठेतरी नांदत होतं. गडाच्या ओल्या कड्यावर शेवाळात मूळ रोवून एखादी हबेनारिया उभी असते, तेव्हा त्या दोघांत वडील घराणं फुलाचं आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि जिल्हाभर झाडं पडली. परसातला आंबा दुपारी आडवा झाला. वारा थांबल्यावर बाहेर आलो तर आडवी फांदी जमिनीवर चेपलेली, आणि तिच्यावर वेणी फुललेली, चिखलाने माखून. आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. ओसरीवरून तिने विचारलं, “वेणी आहे का रे?” मी म्हटलं, आहे. “मग लाकूडवाला यायच्या आत काढ.”

मूळ तुटू नये म्हणून साल तासून, सालीसकट तिला उचललं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती इतक्या जवळून पाहत होतो. सालीच्या भेगेत, मोठ्या मुळाच्या आडोशाला, दोन अगदी लहान रोपं होती. एकाला एवढंसं पान, नखाएवढं. दुसरं अजून नुसता हिरवा गोळा. फणसाच्या खोडावर, पूर्वेच्या बाजूला, काथ्याच्या सुंभाने ती साल बांधली. तीन वर्षं फूल आलं नाही. सुंभ कुजून गळून पडलं तेव्हा कळलं की मुळांनी फणस धरला आहे. चौथ्या पावसाच्या आधी एक फुलोरा आला, आखूड, आणि थंडी सरता सरता त्यावरची एकुलती एक शेंग तडकली. सकाळी मी पाटी घेऊन गेलो तेव्हा ती रिकामी होती. रात्रीच्या वाऱ्यात सगळी पिठी निघून गेली होती. शेंगेच्या आतल्या केसांत काही कण अडकले होते, तेही बोट लागताच उडाले. भेगेतल्या रोपांपैकी पानवाल्याला आता तीन पानं आहेत.